कामाच्या जागी लावलेला फोटो : ‘द सिम्पसन्स’चा एक भाग आणि आपले अनुभव

नाशिककर मंडळी, ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा ‘अँड मॅगी मेक्स थ्री’ हा भाग अमेरिकेत २२ जानेवारी १९९५ ला दाखवला गेला. अल्बममध्ये धाकट्या मॅगीचा एकही फोटो का नाही, असं मुलं विचारतात आणि त्यांचा बाप होमर सांगू लागतो. कर्ज फिटल्याबरोबर त्याने अणुवीज केंद्राची नोकरी सोडलेली असते. बोलिंग ॲलीत मनासारखं काम मिळालेलं असतं, तेवढ्यात बायकोला, मार्जला, दिवस जातात. त्या पगारात तिसरं मूल वाढवणं शक्य नसतं. ‘याचकांसाठी’ लिहिलेल्या बुटक्या दारातून रांगत तो केंद्राच्या मालकाकडे, बर्न्ससाहेबांकडे, परत जातो. साहेब त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकतात : ‘विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस.’ मॅगीचे सगळे फोटो त्या पाटीवर असतात. मधली इंग्रजी अक्षरं त्याने अशी झाकलीत की उरतं ते एवढंच : ‘तिच्यासाठी कर.’

तुमच्या कामाच्या जागी असा फोटो आहे का? भाग पाहिला नसला तरी लिहा.

एकलहरे
औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटच्या संचाच्या पॅनलवर होतो. होमर खुर्चीत झोपला की नातू खो खो हसतो, मला मात्र धडधडतं. पहाटे तीननंतर डोळे मिटायला लागतात आणि नेमकी तेव्हाच बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी, भट्टीतला दाब, कंडेन्सरचं व्हॅक्यूम डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. तासाला लॉगशीट भरायची. त्या पॅडच्या क्लिपखाली मुलीचा पासपोर्ट फोटो असायचा, बालवाडीच्या फॉर्मसाठी काढलेल्यांतला उरलेला. पान उलटताना दर तासाला ती दिसायची. कोळशाची बारीक धूळ कुठेही शिरते. फोटोच्या कडा काळ्या झाल्या, चेहरा मी रुमालाने पुसत राहिलो. नोकरीने मला सगळं दिलं, तरी रात्रपाळी ही रात्रपाळीच.

अंबड एमआयडीसी
सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर आहे. मोबाइल गेटवरच जमा होतो, म्हणून दोन्ही पोरांचा फोटो टूल ट्रॉलीच्या झाकणाला आतून लावलाय. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे शिंतोडे उडतात, त्यामुळे त्रिमूर्ती चौकात लॅमिनेशन करून घेतलं. ऑडिटच्या आधी सगळे स्टिकर खरवडून काढायला लावले, तेव्हा सुपरवायझर म्हणाले, “दादा, तो राहू द्या.”

गंगापूर रोड
मला या भागात फोटोपेक्षा त्याची जागा महत्त्वाची वाटते. आमच्या वडिलांनी तबल्याच्या शिकवण्या सोडून कारकुनी धरली, आम्हा बहिणींसाठी. हे आम्हाला माहीत आहे, कारण ते रोज ऐकवलं जायचं. मार्क कमी पडले, नवा ड्रेस मागितला, सहलीचे पैसे मागितले, की “तुमच्यासाठी मी काय काय सोडलं!” खरंच सोडलं होतं, म्हणून तर उलटून बोलता यायचं नाही. तबला कपाटावर गवसणीत होता, दिवाळीच्या साफसफाईला तो खाली उतरला की घरात सगळे गप्प. होमर एरवी किती बेजबाबदार माणूस, मुलांवर ओरडतो, गळासुद्धा धरतो. पण हा हिशेब तो मॅगीच्या नावावर मांडत नाही. फोटो घरातल्या भिंतीवर नाहीत, जिथे त्याला गरज आहे तिथे आहेत. मला मुलगा झाला तेव्हा मी हा भाग पुन्हा पाहिला आणि खूप रडले. माझ्याही ड्रॉवरमध्ये त्याचा फोटो आहे. मी काय सोडलं, हे त्याला माझ्या तोंडून कधीही ऐकावं लागणार नाही.

नाशिक रोड
नर्स आहे. आयकार्डच्या पाठीमागे लेकीचा फोटो. नाइटला पेशंटचे नातेवाईक अंगावर येतात, तेव्हा मी कार्ड उलटं करून बघते.

सातपूर
ते बुटकं दार मी पाहिलंय. कंपनी सोडून मिसळीचं हॉटेल टाकलं होतं. पहाटे कट चढवायचा, नऊला गिऱ्हाईक ताटकळलेलं. तसं सुख पुन्हा मिळालं नाही. धाकटीच्या वेळी बायकोला सातव्या महिन्यात ॲडमिट करावं लागलं, तिकडे जागेचं भाडं थकलं. त्याच कंपनीत परत अर्ज केला. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराने मुलाखत घेतली, ग्रेड खालची दिली. मी सही केली. धाकटी आता आठवीत आहे. मिसळीची पातेली माळ्यावर ठेवलीत, विकलेली नाहीत. तिची दहावी झाली की फक्त रविवारी सुरू करायचं, असं बायकोनेच ठरवलंय.