अनुभव धागा: तुमच्या कामात ‘लोड’ म्हणजे काय?

तासगावच्या बागेत ‘लोड जास्त झालाय’, पलूसच्या विहिरीवर तेच, ऊसकाट्याच्या रांगेतही तेच. शब्द एक, मोजमाप निराळं. आकड्यांसकट लिहा. ‘लोड घेऊ नकोस’वाला लोड सोडून.

मोटार रिवाइंडिंग, पलूस
आमचा लोड अँपिअरमध्ये. 5 एचपी थ्री फेज मोटार पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते, पाणबुडी थोडी जास्त. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर असतो, ओव्हरलोड रिले (जादा अँपिअर गेले की मोटार बंद पाडणारा) तेवढ्यावरच लावायचा. रिले सारखा पडतो म्हणून लोक तो दहा-बारावर फिरवतात. मग रिले पडत नाही, वायंडिंग जळतं. आधी कारण शोधा: व्होल्टेज कमी, एक फेज गेलेला, बेअरिंग धरलेलं, पंपात गाळ.
विहिरीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचं वाटतं त्याच्या उलटं असतं. व्हॉल्व्ह आवळला की लोड उतरतो. पाइप पंपाजवळ फुटला की पाणी जास्त फेकलं जातं आणि अँपिअर चढतात. विहीर आटली तर अँपिअर पडतात, म्हणून ओव्हरलोड रिले तिथं कामाचा नाही. ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की मोटार बंद करणारा) वेगळा बसवा.

वायरमन, विटा
वरच्यात भर. बिलावरचा ‘मंजूर लोड’ म्हणजे मोटार आत्ता ओढते तो नव्हे. एचपीला 0.746 ने गुणा: 5 एचपी म्हणजे 3.73 किलोवॅट. मोटार बंद असली तरी तो तेवढाच.

द्राक्ष बागायतदार, तासगाव
आमच्यात लोड म्हणजे वेलीवरचे घड. 9 बाय 5 फुटांवर लागण असेल तर वेलीला 45 वर्गफूट. लोकल मार्केटला साधारण वर्गफुटाला एक घड, निर्यातीला दीड वर्गफुटाला एक, म्हणजे तीसच. कात्री चालवताना जीवावर येतं, पण जादा ठेवले की साखर उशिरा भरते, मणी मऊ राहतात. खरा फटका पुढच्या ऑक्टोबर छाटणीला: वेलीतला साठा संपलेला असतो, त्यामुळं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांत घड नीट तयार होत नाहीत.

ऊस वाहतूक, वाळवा
काट्यावर भरलेलं वजन वजा रिकामं, तो लोड. पण किती यापेक्षा कुठं, हे महत्त्वाचं. बैलगाडीत मोळ्या मागं गेल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं गेल्या की सगळं मानेवर. दोन चाकी ट्रेलरमध्ये पुढं जास्त भरलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, चढाला स्टिअरिंग ऐकत नाही.

गॅरेज, कराड
बॅटरी नुसती 12.6 व्होल्ट दाखवते म्हणून चांगली समजू नका. लोडवर बघा: सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर गेलीच. आधी टर्मिनल घासून घ्या मात्र.

इंग्रजीची शिक्षिका, सातारा
इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ ‘वाट, प्रवास’ असा होता. ओझं नंतर आलं. वाळव्याच्या गाडीवानाला पटेल.

गादीवाले, मिरज
आणि आमचा लोड? तक्क्याशेजारचा. तो इंग्रजी नव्हे हो! शेवरीचा कापूस हलका, साधी रुई जड. कुठलाही भरा, पण ठासून, दोन्ही टोकांकडून थोडा थोडा. सैल राहिला तर महिन्यात मध्ये खड्डा.