मदत हवी आहे: बैरूतच्या जुन्या फोटोतलं जेट कॉमेट की कारव्हेल?

मंडळी, नमस्कार. जुन्या विमानांची जाण असलेल्यांची मदत हवी आहे.

आईचे वडील साठच्या दशकात कुवेतला नोकरीला होते. त्यांच्या पेटीत एक कृष्णधवल फोटो सापडला. सुटाबुटातले आजोबा विमानाच्या पुढच्या दाराला लावलेल्या शिडीवर उभे आहेत. वर इंग्रजीत 'मिडल ई' एवढीच अक्षरं आली आहेत. मागे त्यांच्या अक्षरात, पेन्सिलीनं: "बैरूत. जेटनं आलो." तारीख पुसली गेलीय.

विमान लेबननच्या मिडल ईस्ट एअरलाइन्सचं, एवढं नक्की. आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान देश, पण कंपनी जिद्दीची! आधी पंख्यांची व्हायकाउंट विमानं होती, मग डिसेंबर १९६० मध्ये पहिलं कॉमेट ४सी हे ब्रिटिश जेट आलं. अशी चार घेतली. खरं तर जेट बैरूतला नवं नव्हतंच. जगातली पहिली जेट प्रवासी सेवा २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला निघाली, तीही बैरूतवरूनच गेली. १९६३ मध्ये एअर लिबाँ ही लेबननचीच दुसरी विमान कंपनी मिडल ईस्टमध्ये विलीन झाली आणि तिच्याबरोबर फ्रेंच कारव्हेल विमानं ताफ्यात आली.

माझं घोडं अडलंय ते इथे. नाकावरून ओळखावं तर कारव्हेलचं नाक कॉमेटच्याच आराखड्यावरून घेतलेलं. इंजिनं दिसली असती तर प्रश्नच नव्हता: कॉमेटची चार पंखांच्या मुळाशी, कारव्हेलची दोन शेपटीजवळ. पण फोटोत ना पंख, ना शेपटी. राहता राहिल्या खिडक्या. कारव्हेलच्या त्रिकोणी असतात, कोपरे गोलावलेले. आजोबांच्या खांद्यामागे दीड खिडकी आहे, पण उन्हानं पांढरीफटक.

आजी म्हणते, हा प्रवास आईच्या जन्माआधीचा, म्हणजे १९६२ च्या आधीचा. मामा म्हणतो, नंतरचा. कारव्हेल निघालं तर मामा बरोबर. कॉमेट असेल तर आजीचं म्हणणं खरं असू शकतं, आणि मला मनापासून तसंच हवंय.

त्याच पाकिटात वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. २८ डिसेंबर १९६८ च्या रात्री इस्रायली कमांडोंनी बैरूत विमानतळावर उतरून उभी विमानं स्फोटकांनी उडवली, त्याची बातमी. माणसं वाचली, पण चारपैकी तीन कॉमेट गेली. आजोबांनी ते कात्रण या फोटोसोबत का जपलं असेल, हे मला कळतंय असं वाटतं.

तर, पुढच्या भागावरून ही दोन विमानं ओळखायची आणखी काही खूण आहे का? दार, पुढचं चाक, काचा, काहीही. पांढऱ्या पडलेल्या भागातला तपशील काढायला स्कॅन कसं करावं? आणि कुणाच्या घरी त्या काळी आखातात गेलेल्या माणसांचे असे फोटो असतील तर ताडून बघता येईल का?

जमल्यास लवकर सांगा. आजीनं फोटो रविवारपर्यंतच दिलाय.