बेसमेंटमधल्या होम थिएटरसाठी साधी, परवडणारी साउंड सिस्टीम कशी लावू?

अर्धा_पडदा:
नमस्कार मंडळी, बेसमेंटमधली एक खोली रिकामी पडून होती, २० फूट बाय १३ फूट, उंची जेमतेम ७ फूट, तिथे प्रोजेक्टर लावलाय. चित्र झकास येतंय, गाडी अडलीय ती आवाजावर. सध्या प्रोजेक्टरच्या पोटातलाच स्पीकर चालू आहे आणि प्रोजेक्टर छताला, सोफ्याच्या वर, म्हणजे माणूस बोलतोय समोर पडद्यावर आणि आवाज येतोय मानेमागून. आईला संवाद नीट कळत नाहीत, दहा मिनिटं बसते आणि उठून वर जाते. ही खोली मुळात तिच्यासोबत सिनेमे बघायला म्हणूनच केली होती, त्यामुळे मला ते फार लागतंय.

हाताशी काय आहे तर जुने दोन बुकशेल्फ स्पीकर, त्यांचा अँप्लिफायर मेलाय पण स्पीकर ठणठणीत आहेत. भिंती काँक्रीटच्या, खाली टाइल्स, सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला. बरोबर वरच्या खोलीत बाळ झोपतं. बजेट बेताचं आहे, एकदम सगळं घेणं जमणार नाही. साउंडबार घेऊन मोकळं व्हावं, की ५.१ चा (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) तयार सेट, की रिसिव्हर (आवाजाचं डिकोडिंग करून सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) घेऊन हळूहळू वाढवत न्यावं?

खर्ज_षड्ज:
दोन स्पीकर आहेत ना, मग अर्धं काम झालंय असं समजा. माझं मत स्पष्ट आहे, सेकंडहँड का होईना पण एव्ही रिसिव्हर घ्या, त्याला हे दोन जोडा, मग जमेल तेव्हा सेंटर (पडद्याच्या मधोमधचा) स्पीकर, मग सबवूफर, आणि मागचे सराउंड सगळ्यात शेवटी. म्हणजे २.० वरून ३.१ पर्यंत आधी पोचा. ५.१ चा तयार सेट मी घेणार नाही, त्यातले स्पीकर मुठीएवढे असतात, ज्या पट्ट्यात पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा असतो तोच पट्टा त्यांना झेपत नाही, आणि बऱ्याच सेटमध्ये प्लग त्यांचेच वेगळे, त्यामुळे एक वस्तू गेली की अख्खा सेट बाद.

सेंटरचं महत्त्व का सांगतो, तर सिनेमातले बहुतेक संवाद त्या एका चॅनेलमध्ये असतात. सेंटर नसेल तर तोच आवाज डाव्या-उजव्या स्पीकरला सारखा वाटला जातो आणि बरोबर मध्ये बसणाऱ्याला तो मधूनच आल्यासारखा वाटतो, पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. आई कुठे बसतात ते बघा. तोवर एक सेटिंग मात्र विसरू नका, रिसिव्हरच्या मेनूत सेंटर 'नाही' असंच ठेवा. तिथे 'आहे' राहिलं तर तो संवाद अशा स्पीकरकडे पाठवत राहील जो तुमच्याकडे नाहीच, आणि तुम्हाला नुसतं संगीत आणि दणके ऐकू येतील.

जोडणी सोपी आहे. स्ट्रीमिंगचा डबा, लॅपटॉप, जे असेल ते रिसिव्हरच्या एचडीएमआयमध्ये घाला आणि रिसिव्हरमधून एकच लांब केबल प्रोजेक्टरला न्या. अगदी जुना, एचडीएमआय नसलेला रिसिव्हर स्वस्तात मिळाला तरी डबा किंवा प्रोजेक्टर ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या तारेतून डिजिटल आवाज देणारं पोर्ट) देत असेल तर काम भागतं, त्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ आरामात जातं. साउंडबारचाच विचार असेल तर त्याला एचडीएमआय इनपुट आहे का ते आधी बघा, बऱ्याच साउंडबारना फक्त टीव्हीकडून आवाज घेणारं एआरसीचं एकच पोर्ट असतं आणि सगळ्याच प्रोजेक्टरना एआरसी नसतं.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट पॉवर लागते, म्हणजे ५० वॅट आणि १०० वॅट यातला फरक कानाला थोडासाच जाणवतो. त्याऐवजी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला तो किती मोठा वाजतो ते बघा, ८८-९० डेसिबलचा स्पीकर असेल तर एवढ्याशा खोलीत साधा रिसिव्हरही पुरून उरतो. वायरचंही तसंच, दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर एवढ्या अंतराला भरपूर झाली, महागड्या वायरीत पैसे घालू नका.

भिंतीला_कान:
खर्ज यांच्याशी सहमत, पण मी क्रम बदलेन. आधी खोली, मग रिसिव्हर. काँक्रीटच्या भिंती, टाइल्स आणि ७ फुटांचं छत म्हणजे तिथे उत्तमातला उत्तम स्पीकर आणून ठेवला तरी आईंची तक्रार थोडीफार राहणारच. आज एक करा, खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि गप्प ऐका. टाळीनंतर 'ट्रर्रर्र' असा थरथरता आवाज शेपटासारखा राहिला तर समजा की तो समोरासमोरच्या दोन भिंतींत चेंडूसारखा फिरतोय. संवादातली स, श, त, क ही व्यंजनं त्या शेपटाखाली दबतात, आणि शब्द ओळखू येतो तो बऱ्याच अंशी व्यंजनांवरून. म्हणूनच व्हॉल्यूम वाढवून भागत नाही, शेपूटही तेवढंच मोठं होतं.

उपाय घरातलेच आहेत. पडदा आणि सोफा यांच्यामध्ये जाडजूड गालिचा, बाजूच्या भिंतींना चुण्या पडतील असे जड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट. बाजूच्या भिंतीवर नेमकं कुठे लावायचं ते शोधायला तुम्ही सोफ्यावर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी भिंतीला चिकटवून आरसा सरकवायला सांगा, जिथे तुम्हाला आरशात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज उसळून येतो, तिथे जाड काहीतरी हवं. जास्त करायचं असेल तर लाकडी चौकटीत ४ इंच जाडीची रॉकवूल (दगडी लोकर) भरून वर कापड ताणा. अंड्यांचे ट्रे लावू नका, पातळ फोमही नको, त्याने फक्त वरच्या पट्टीचे आवाज शोषले जातात आणि खोली घुमीच राहते.

आणि सोफा भिंतीपासून किमान ३-४ फूट पुढे ओढा. मागच्या भिंतीला टेकून बसलं की खर्ज तिथे साचतो आणि बोलणं त्यात बुडतं. पण अगदी मधोमधही आणू नका, २० फुटांच्या खोलीत साधारण २८ हर्ट्झचा खर्ज बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो.

बाळाबद्दल मात्र खरं तेच सांगतो, गालिचा-पडदे यांनी खोलीतला आवाज सुधारतो, वर जाणारा थांबत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. वर जातो तो मुख्यतः खर्ज, आणि बाकीचा दारातल्या फटीतून. दाराच्या चारी कडांना रबरी पट्टी लावा, आणि रिसिव्हरमध्ये नाइट मोड असेल तर रात्री तो चालू ठेवा, त्याने दणके खाली येतात आणि संवाद वर येतो. तुमच्या घरात त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

अर्धा_पडदा:
दोघांचेही मनापासून आभार. टाळी वाजवली. अगदी तसंच, ट्रर्रर्र. एवढे महिने त्या खोलीत बसतोय, कधी लक्षातच आलं नाही. वरचा जुना गालिचा खाली आणून अंथरला, सोफा ४ फूट पुढे घेतला आणि परत टाळी वाजवली तर शेपूट बरंच आखूड झालंय, अजून काहीही विकत न घेता. एका ओळखीच्यांकडून जुना रिसिव्हर मिळतोय, सोबत सबवूफरही देतायत. सब कुठे ठेवू? कोपऱ्यात ठेवतात ना?

तांब्याची_तार:
कोपऱ्यात ठेवला की आवाज मोठा येतो, चांगला येतोच असं नाही, काँक्रीटच्या खोलीत तर तो बहुतेक वेळा एकसुरी घुमतो. सोपी युक्ती सांगतो, ऐकायला विचित्र वाटेल पण करून बघा. सब उचलून सोफ्यावर, आई बसतात त्या जागी ठेवा, खर्जातल्या सुरांची चढउतार असलेलं एखादं गाणं लावा आणि स्वतः गुडघ्यांवर बसून समोरच्या भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. एका जागी घुं घुं, दोन फुटांवर खर्ज गायब, आणि मग कुठेतरी प्रत्येक सूर सारखा आणि सुटा ऐकू येईल. तिथे खडूची खूण करा, सब तिथे. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा आणि रिसिव्हरमध्ये पुढचे स्पीकर 'स्मॉल' करा, म्हणजे जड काम सब करेल आणि स्पीकर मोकळे होऊन बोलतील.

वायर जोडताना लाल लालला, काळी काळीला, दोन्ही स्पीकरना, दोनदा तपासा. एकाचीच उलटी झाली तर काही जळत नाही, म्हणूनच ती चूक राहून जाते, पण खर्ज पातळ होतो आणि मधला माणूस मधून बोलतोय असं वाटतच नाही. सब जोडल्यावर सतत हम्म्म असा आवाज आला तर सब आणि रिसिव्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा, बऱ्याचदा जातो. अर्थिंगची पिन काढायची नाही, कोणी सांगितलं तरी.

बेसमेंट आहे म्हणून अजून एक, ओल. रिसिव्हर आणि सब थेट टाइल्सवर ठेवू नका, रिसिव्हरवर चार बोटं मोकळी हवा ठेवा, आणि स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची आहे की रबराची ते बघा. जुनी फोमची कड दमट जागेत भुसभुशीत होते, बोटाने हळूच दाबलं की तुकडे हातात येतात. तसं असेल तर फक्त कड बदलून मिळते, स्पीकर टाकून देऊ नका.

अर्धा_पडदा:
काल सगळं जोडलं. कड रबराची निघाली. वायर मात्र तांब्याची_तार म्हणतात तशीच झाली होती, माझ्याकडून डावीकडची उलटी लागलेली, बातम्या लावल्या तर निवेदक खोलीभर पसरल्यासारखा वाटत होता, वायर सुलट केली आणि तो टुणकन पडद्याच्या मधोमध आला. ओठ आणि आवाज किंचित मागेपुढे होते, रिसिव्हरच्या लिप सिंकमध्ये ८० मिलिसेकंद टाकल्यावर जुळले. रांगून सबची जागाही सापडली, डाव्या स्पीकरपासून तीनेक फुटांवर.

आई सोफ्याच्या उजव्या टोकाला बसते, कारण तिथून जिना जवळ. पूर्ण सिनेमा बसली. मध्ये एकदाच म्हणाली की बोलणं त्या उजव्या डब्यातून येतंय. म्हणजे आता सेंटर घ्यायचाच. पडद्याखाली जमिनीपासून दीड फूट जागा आहे, तिथे आडवा ठेवून थोडा वर तिरपा केला तर चालेल ना? आणि तो आहे त्या स्पीकरच्याच कंपनीचा घ्यावा लागेल का?

खर्ज_षड्ज:
चालेल, तिरपा मात्र नक्की करा, ट्वीटर (वरच्या पट्टीचे आवाज काढणारा छोटा भाग) आईंच्या कानाकडे बघायला हवा, गुडघ्यांकडे नाही. त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला मिळाला तर उत्तम, म्हणजे माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालला तरी त्याचा आवाज बदलत नाही. नाही मिळाला तर वाट बघत बसू नका, तुम्हाला मुळात संवाद हवेत. आणि लावल्यावर मेनूत सेंटर 'आहे' करायला विसरू नका, मग फक्त सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वर घ्या आणि आईंनाच विचारा.