अपडेट झालं आणि लॅपटॉपने मान टाकली : तुमचे अनुभव लिहा

मिटलेली वही
काल भाच्याचा फोन. "मावशी, स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय, सकाळपासून." त्याला काय सांगितलं ते नंतर लिहिते. पण फोन ठेवला आणि बाबांचा लॅपटॉप आठवला, मग कामात लक्षच लागेना.

बाबा निवृत्त झाल्यावर टायपिंग शिकले. दोन बोटांनी रोज एक पान आठवणी लिहायचे. संगणकाने काहीही विचारलं की 'हो' म्हणायचे, नाही म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. तसंच एका रात्री अपडेटला 'हो' म्हणाले आणि झोपले. सकाळी स्क्रीनवर दुरुस्ती चालू असल्याची ओळ, मग काळोख, मग पुन्हा तीच ओळ. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसलेले, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसे. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणाले.

मी सरळ फॉरमॅट मारायला निघाले होते. वहिनी म्हणाली, थांब, आधी आतलं बाहेर काढू. तिने तिच्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) चढवलं आणि बाबांचा लॅपटॉप त्यावरून सुरू केला. इन्स्टॉल काही केलं नाही, नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवलं. डिस्कवरचे फोल्डर दिसले! 'आठवणी', 'आठवणी नवीन', 'आठवणी नवीन खरी'. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. बाबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

फाइल ठणठणीत होती. त्यांनी युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं) आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये लिहिलेलं, आणि तो फॉन्ट मिंटकडे कुठून असणार? वहिनीने तो बाबांच्याच डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून उचलून बसवला, आणि पान मराठीत परत आलं. मी बाबांना हाक मारली तेव्हा माझा आवाज कसा झाला होता ते वहिनी अजून करून दाखवते.

नंतर डिस्क तपासली तर खराब सेक्टरच सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तुकडे. ती आधीच शेवटच्या घटका मोजत होती, अपडेटने एका रात्रीत एवढं वाचायला-लिहायला लावलं आणि ती तिथेच बसली. एसएसडी (वेगवान डिस्क) घातली, विंडोज नव्याने टाकलं. बाबांची तक्रार अशी की आता लॅपटॉप इतका पटकन उघडतो की काय लिहायचं हे ठरवायला वेळच मिळत नाही.

तुमचंही लिहा. दुरुस्त न झालेलंही चालेल.

रात्रपाळी
चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटन अर्धा मिनिट दाबून धरा, नुसता चार्जर लावून सुरू करा. माझे तीन लॅपटॉप असे उठलेत. चौथा नाही उठला.

तिरकी रेघ
@रात्रपाळी चौथ्याचं काय झालं?

रात्रपाळी
पुस्तकांच्या फळीला टेकू आहे सध्या.

उंबरठा
माझी फजिती ऐका. अपडेटनंतर स्क्रीन काळी, पण आवाज येत होते. पासवर्ड आंधळेपणाने टाकला तर आत गेल्याचा टुणकन आवाजही आला. कुणीतरी सांगितलं म्हणून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं (याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो), बीप झालं, काळं ते काळंच. दोन दिवस स्क्रीन गेली म्हणून शोक केला. मग लेकीने एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडली तर सगळं टीव्हीवर! चित्र दुसऱ्या स्क्रीनवर पाठवायचं सेटिंग कधीतरी लागलं होतं आणि लॅपटॉप इमानेइतबारे नसलेल्या स्क्रीनला चित्र पाठवत बसला होता. कपडे वाळत घालून येते, अजून एक किस्सा आहे.

कोपऱ्यातली खुर्ची
वहीताई, वहिनींची युक्ती उत्तम, पण एक भर घालते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) असेल तर लिनक्समधून फाइली अशा दिसत नाहीत. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आपल्याला पत्ताही नसतो. आमच्याकडे बायोसचं (विंडोजच्या आधी लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट झालं आणि समोर निळा पडदा, बिटलॉकरची (विंडोजच्या त्या कुलपाची) किल्ली द्या. ४८ आकडे! अहो म्हणाले, "आपण असलं काही लावलंच नाही." मी म्हटलं, आपण नाही लावलं, लागलं. शेवटी फोनवरून त्यांच्या खात्यात शिरलो, तिथे किल्ली जपून ठेवलेली होती. मी वाचायचं, त्यांनी टाकायचं. पहिल्यांदा चुकलं, दोघांचंही मत की दुसऱ्याचं चुकलं.

आता कागदावर लिहून कपाटात ठेवलीये. किल्ली लॅपटॉपमध्येच सेव्ह करणारे महाभागही आमच्याच घरात आहेत.

तिरकी रेघ
कुलपाची किल्ली कुलपाच्या आत 😂

पाचवा पाय
माझं दुरुस्त न झालेलं. अपडेट अर्ध्यात अडकलं, रात्री दीड वाजता कंटाळून फॉरमॅट केलं. सकाळी आठवलं की मुलाच्या पहिल्या वर्षाचे फोटो डी ड्राइव्हला नव्हते, डेस्कटॉपवर होते. फॉरमॅटनंतर त्याच डिस्कवर सगळं पुन्हा इन्स्टॉल केलेलं, त्यामुळे जुन्यावर नवीन लिहिलं गेलेलं. थोडे फोटो निघाले, तेही अर्धे राखाडी. एवढंच.

कोपऱ्यातली खुर्ची
अरेरे. नातेवाइकांच्या फोनमध्ये शोधलंत का? आपण पाठवलेले फोटो आपल्याकडे नसतात, पण आत्याकडे हमखास असतात.

पाचवा पाय
शोधले. आत्याकडेच ११ मिळाले. सगळ्यांत आत्या आहे.

घड्याळवेडा
सगळे अपडेटला बोल लावतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर अपडेट उतरेचना, एकही साइट धड उघडेना, सगळीकडे सुरक्षिततेची धमकी. कारण तारीख! मदरबोर्डवरचा छोटा बटन सेल संपला होता, त्यामुळे बंद केला की तारीख थेट कित्येक वर्षं मागे. मागच्या काळात जाऊन साइटची आजची सुरक्षा प्रमाणपत्रं तपासली तर ती अवैधच दिसणार. माझ्यात सीआर२०३२ होता, तो बदलला, तारीख लावली, सगळं सुरळीत.

(काही लॅपटॉपमध्ये तो वायरवाला असतो, काहींत वेगळा नसतोच. उघडून बघितल्याशिवाय आणू नका.)

रात्रपाळी
आणि सेल काढल्यावर बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर जातात हे सांगा हो लोकांना. माझं साटाचं सेटिंग (डिस्कशी कसं बोलायचं ते) रेडवरून एएचसीआयवर गेलं आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येईना. निळा पडदा. मी मूर्खासारखा डिस्क बदलायला निघालो होतो. सेटिंग पूर्ववत केलं, झालं.

घड्याळवेडा
हो की. आधी बायोसच्या पडद्यांचे फोटो काढून ठेवावेत.

उंबरठा
आले. दुसरा किस्सा: अपडेटनंतर वायफाय गायब. चिन्हच नाही. ड्रायव्हर पाहिजे तर इंटरनेट हवं, इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा. फोन यूएसबीच्या वायरने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, लॅपटॉपने त्याला वायरचं नेटवर्क मानलं, ड्रायव्हर उतरला. दहा मिनिटं. त्याआधी तीन तास मी राउटरवर डाफरत होते.

मधलं बोट
विषयांतर, पण कुणाच्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय का? क्लिकच होत नाही.

रात्रपाळी
@मधलं बोट वापरणं थांबवा! चार्जिंगही नको. बॅटरी फुगली असणार. दाबून खाली बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका. जाणकाराकडून काढून घ्या.

मधलं बोट
बापरे. मी त्यावर शब्दकोश ठेवला होता.

तिरकी रेघ
शब्दकोश उचला आधी.

पायरीवरचा
माझा लॅपटॉप ३२ जीबीवाला, इवलासा. त्याला अपडेट म्हणजे एका खोलीत वऱ्हाड उतरवणं. दरवेळी अर्ध्यावर जागा संपायची आणि तो मागे फिरायचा. रिकामा पेन ड्राइव्ह लावला की तात्पुरत्या फाइलींसाठी तो वापरू का असं विचारतो, तेव्हा कुठे पार पडलं. आता तर विंडोज १० ला अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं (वाढीव मुदत घेतलेले वेगळे), आणि विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. माझ्याकडे दोन्ही नाही. लिनक्सवर जावं का? मराठी टायपिंगची भीती वाटते.

कोपऱ्यातली खुर्ची
बिनधास्त जा. आयबस नावाची टायपिंगची सोय असते, इनस्क्रिप्टही (मराठी अक्षरांचा ठरलेला कीबोर्ड) आहे आणि फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे). आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, वायफाय आणि आवाज चालतोय ना एवढं तपासा, मगच डिस्कवर टाका.

घड्याळवेडा
इनस्क्रिप्टच शिका, फोनेटिकवाले 'ज्ञ' ला अडखळतात.

तिरकी रेघ
झालं सुरू.

सावकाश
ज्यांचा लॅपटॉप विंडोजपर्यंत पोचतच नाही त्यांच्यासाठी: लोगो दिसला की पॉवर दाबून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की तो स्वतःहून दुरुस्तीच्या पडद्यावर जातो. तिथे पुढच्या पर्यायांत 'अपडेट काढा' मिळतं, शेवटचं छोटं किंवा मोठं. मोठं अपग्रेड झालेलं असेल तर साधारण १० दिवसांतच मागे जाता येतं, नंतर जुन्या फाइली साफ होतात. आमच्या हपिसात हे अकराव्या दिवशी कळलं.

उंबरठा
वहीताई, भाच्याला काय सांगितलंत ते राहिलं!

मिटलेली वही
हो की! त्याला विचारलं, डिस्कचा दिवा लुकलुकतोय का? हो म्हणाला. मग म्हटलं चार्जर लावून ठेव आणि हात लावू नकोस, ते काम करतंय. संध्याकाळी आपोआप सुरू झाला. "तू काय केलंस?" म्हणे. काहीच नाही रे बाबा, तुलाही करू दिलं नाही.

सावकाश
बाबांच्या आठवणी अजून त्याच जुन्या फॉन्टमध्ये आहेत का? पुढच्या लॅपटॉपवर पुन्हा चिवडा होईल.

मिटलेली वही
युनिकोडमध्ये करायला घेतल्यात. कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर टाकतो, म्हणून मी एकेक ओळ तपासते. चाळीस पानं झाली होती. मग बाबा शेजारी येऊन बसले आणि वाक्यंच बदलायला लागले. आता पुन्हा पंधराव्या पानावर आहोत.