मदत हवी आहे: कोथरूडची सोसायटी, रिडेव्हलपमेंट आणि नऊ मीटरचा रस्ता

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले. धागा काढायची ही पहिलीच वेळ, तीही गळ्याशी आल्यावर. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आईची सोसायटी कोथरूडला, पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीत. १९८४ ची इमारत, तळमजला अधिक तीन, अठरा फ्लॅट, लिफ्ट नाही. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, वय ७९. मी बाणेरला असते, एक दिवसाआड चक्कर मारते. फ्लॅट ५६० चौरस फूट कार्पेट, सगळे जवळपास तेवढेच. प्लॉट हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठ्यांच्या थोडा आत.

दोन वर्षांत गल्लीतल्या चार इमारती पडल्या. हिरव्या जाळ्या, पत्र्याची कुंपणं, पहाटे साडेपाचला रिव्हर्स घेणारे सिमेंटचे मिक्सर. आता आमच्याकडेही एक विकसक आलाय (नाव मुद्दाम देत नाही). गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून सादरीकरण झालं, इडली-चटणीसकट. ऑफर अशी: आहे त्या कार्पेटवर ३५ टक्के जादा, कॉर्पस फंड (एकरकमी निधी), तीन वर्षांचं भाडं, सामान हलवायचा खर्च, फ्लॅटमागे एक कव्हर्ड पार्किंग. त्यांचा माणूस दोनदा म्हणाला, "काका, मेट्रो स्टेशन पाचशे मीटरच्या आत आहे, इथे चार एफएसआय मिळतो." (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते.) काका लोक खूश.

मी मागे बसले होते. एका स्लाइडच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात दिसलं: "रस्ता ९.०० मी. गृहीत". त्याबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "ताई, ते टेक्निकल आहे."

आमची गल्ली नऊ मीटर? दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला टेप घेऊन उतरले. आमच्या कंपाउंडपासून समोरच्या बंगल्याच्या भिंतीपर्यंत: फाटकाशी ६.१०, कडुनिंबापाशी ५.८५, कोपऱ्यावर ७.४०. दूधवाला थांबून म्हणाला, "मॅडम, महापालिकेतून का? मग त्या चेंबरचं झाकण बघा जरा." चेंबरचं झाकण खरंच फुटलंय. तेही मोजून आले.

सेक्रेटरींना आकडे दाखवले. "ते बिल्डर बघून घेईल," म्हणाले. अठरापैकी अकरा जणांनी संमतीपत्रावर सह्या केल्यात. आईनेही करायचं ठरवलं होतं, मी थांबवलं. फ्लॅट तिच्या नावावर आहे, मी सहसभासद.

गैरसमज नको, मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. आई तर अजिबात नाही. एप्रिलपासून तिचा डावा गुडघा गेलाय, आठवड्यातून एकदा खाली उतरते, तेही कठड्याला धरून उलटी. "पाडा एकदाची ही इमारत, मला लिफ्ट हवी," असं ती सगळ्यांसमोर म्हणते. मला म्हणते, तू बस तुझा टेप घेऊन.

तर रस्ता खरंच नऊ मीटरचा नसेल तर या ऑफरचं काय होतं? खात्री कुठे करायची? आणि सह्या करण्याआधी नेमकं काय मागायचं? अनुभवी लोकांनी सांगा, प्लीज.

पेठेतला
टेप घेऊन रस्ता मोजणाऱ्या ताईंना साष्टांग नमस्कार. पण टेपने मोजलेलं महापालिका धरत नाही. त्यांच्या कागदावर जी रुंदी मंजूर असेल ती धरतात. आमच्या बोळात कागदावरचा रस्ता एका वाड्याच्या स्वयंपाकघरातून जातो. चाळीस वर्षं जातोय.

आराखडा
मी वास्तुविशारद आहे, पण या भागात माझं सध्या काम नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुमच्या ऑफरची सगळी गंमत त्या बारीक अक्षरांतच आहे. मुंबई सोडून बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियमावली लागू आहे, आम्ही तिला यूडीसीपीआर म्हणतो. तिच्यात किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर मूळ एफएसआय १.१ आणि वर काही नाही: ना पैसे भरून मिळणारा प्रीमियम, ना टीडीआर, म्हणजे बाहेरून आणलेला बांधकामाचा हक्क. नऊ मीटर झाला की त्यात ०.५ प्रीमियम आणि ०.४ टीडीआर, म्हणजे एकूण २. दोन्ही बाबतींत निवासी बांधकामाला वर ६० टक्के अॅन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय.

आता तुमचा प्लॉट धरा. रस्ता सहाचा असेल तर ११०० अधिक ६० टक्के, म्हणजे १७६० चौ. मी. नऊचा असेल तर २००० अधिक ६० टक्के, ३२००. तुमचे अठरा फ्लॅट आज मिळून सुमारे ९३६ चौ. मी. कार्पेट. ३५ टक्के वाढ दिली की १२६४. त्यावर भिंती, जिने, लिफ्ट, लॉबी, बाल्कनी मिळून तीसेक टक्के चढवा, साधारण १६४० जुन्या सभासदांनाच लागले. १७६० मधून १६४० गेले तर बिल्डरला विकायला उरतात १२० मीटर. कोण करणार एवढ्यात? ३२०० असतील तर दीड हजार उरतात, मग इडली परवडते.

(सोसायटी पुनर्विकासाच्या थोड्या वेगळ्या सवलतीही आहेत, त्या या हिशेबात धरलेल्या नाहीत. हा पाकिटावरचा हिशेब आहे, तसाच घ्या.)

चार एफएसआयचं विसरा. मेट्रो स्टेशनच्या पाचशे मीटरांत जादा एफएसआय मिळतो हे खरं, पण तिथेही रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचं क्षेत्र बघतात. चार हा आकडा रुंद रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटांसाठी आहे. गल्लीत येऊन तो सांगणं म्हणजे मेट्रोचं तिकीट दाखवून विमानात बसवतो म्हणण्यासारखं.

आता रस्त्याचं. २०२० मध्ये महापालिकेत सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता, तो याच कारणाने. पुण्यात हे रुंदीकरण महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा (रस्त्याच्या हद्दीची रेषा) आखून करतात. तुमच्या गल्लीची रस्तारेषा स्थायी समितीने मंजूर केली आहे की नुसती चर्चा झाली, हा खरा प्रश्न. ठरावाची प्रत मागा, नकाशासकट. तोंडी "झालंय" ऐकून घेऊ नका. आणि रेषा तुमच्या बाजूनेच सरकली आहे की दोन्हीकडून, तेही बघा.

तिसरामजला
ताई, मी वारज्यात भाड्याने राहतो. बावन्नावा महिना चालू आहे. आमच्या करारात तीस महिने होते.

भाडं चोविसाव्या महिन्यापर्यंत वेळेवर आलं, मग दोन महिन्यांनी एकदा, मग चेक परत. इमारत जोत्याच्या वर आलेली नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठतं, बेडूक ओरडतात. आमच्या सोसायटीत सर्वांत जास्त सुखी तेच.

आमच्या चुका सांगतो, कामी येतील. एक, प्लॅन पास होऊन कमेन्समेंट सर्टिफिकेट (सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी) यायच्या आधी घरं रिकामी केली. बिल्डर म्हणाला, रिकामी करा म्हणजे फाइल लवकर हलते. फाइल काही त्यामुळे हलत नाही, फक्त आपण हललो. दोन, बँक गॅरंटी मागितली नाही. २००९ च्या सरकारी निर्देशांपासून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीची तरतूद आहे, पण "आपल्यातलाच माणूस आहे" म्हणून कमिटीने सोडून दिली. तीन, महारेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) आहे म्हणून निर्धास्त होतो. महारेरामध्ये नोंदणी विक्रीच्या फ्लॅटांसाठी होते. आम्ही जुने सभासद तिथे गेलो तर सांगितलं, तुमचा वाद तुमच्या विकसन करारावरचा आहे.

म्हणून करारात काय लिहिलंय तेच तुमचं. भाडं थकलं तर काय, मुदत गेली तर काय, किती दिवसांनी करार रद्द करता येईल, रद्द झाल्यावर अर्धवट बांधकाम कोणाचं. हे सगळं आधी.

आणि तुमच्या आईंसाठी एक वेगळं. भाड्याचं घर त्याच भागात, खालच्या मजल्यावर किंवा लिफ्टवालं मिळेल का ते आजच बघून ठेवा. इमारत पडली की अठरा कुटुंबं एकदम घरं शोधतात आणि गल्लीतली भाडी त्याच आठवड्यात चढतात. माझे वडील वारज्यात रमले नाहीत. त्यांचा सकाळचा कट्टा कर्वेनगरला राहिला.

धागाकर्ती
@तिसरामजला, काय लिहू कळत नाहीये. भाडं थकल्याचं प्रकरण कोर्टात नेलंत का?
@आराखडा, पाकिटावरचा हिशेब छापून सेक्रेटरींना दिला. ते म्हणाले, "तुम्ही कोणाला विचारत बसता?" आणि अकरा सह्या झाल्या म्हणजे बहुमत झालं, असं त्यांचं म्हणणं आहे. बरोबर आहे का हे?

तिसरामजला
नेलंय. तारीख आहे. तारखाच आहेत.

कागदवाचक
अकरा सह्यांचं संमतीपत्र म्हणजे ठराव नव्हे. जुलै २०१९ च्या सरकारी निर्देशांनी संमतीची अट ७५ टक्क्यांवरून ५१ वर आणली हे खरं, पण विकसक निवडायच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात, उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी लागतो आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. तुमच्याकडे अठरांपैकी बारा जण सभेत बसायला हवेत. पार्किंगमधली इडलीसभा यात मोडत नाही.

त्याआधी सोसायटीने स्वतःचा वास्तुविशारद किंवा पीएमसी नेमून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा असतो. (इथे पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार, महापालिका नव्हे. आमच्या सभेत एक आजोबा अर्धा तास महापालिकेला शिव्या देत होते, मग कळलं.) सल्लागार सोसायटीने निवडलेला हवा. बिल्डरने "आमचाच घ्या, फुकट" म्हटलं तर त्याची फी कोण देतंय हे ओळखा.

आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का? १९८४ च्या कित्येक इमारतींचं कन्व्हेयन्स झालेलं नाही. प्रॉपर्टी कार्ड काढून बघा. नसेल तर मोफा कायद्याच्या कलम ११ खाली डीम्ड कन्व्हेयन्स (मूळ बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होणं) मिळतं, पण त्यात महिने जातात. ते नव्या विकसकावर सोडलंत तर जमिनीच्या कागदांची दोरी त्याच्या हातात जाते.

एक चांगली बातमीही देतो. नव्या फ्लॅटच्या करारावर जादा क्षेत्राची स्टँप ड्युटी भरावी लागेल म्हणून घाबरवतात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या घराच्या करारावर सभासदाकडून अशी ड्युटी घेता येत नाही. पैसे देऊन वर जागा विकत घेतलीत तर त्या जागेपुरती भरा. अजून एक, ऑफरमधलं कार्पेट कोणतं ते लिहून घ्या. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा धरतात. तुमचे ५६० जुन्या पद्धतीचे, भिंत ते भिंत असतील तर ३५ टक्क्यांतले काही टक्के भिंतीतच जातील.

पेठेतला
थोडं अवांतर. सहा मीटरच्या गल्लीत चार चौदामजली उभ्या राहिल्या की अग्निशमनची गाडी कुठून वळणार, हे कोणी स्लाइडवर दाखवतं का? आत्ताच तुमच्याकडे टँकर येतात ना? अठराच्या जागी चाळीस फ्लॅट झाले की टँकरच लाइनीत उभे राहतील.

आराखडा
@पेठेतला, मान्य. पण रस्ता रुंद करून, पट्टी सोडून बांधणं आणि तसंच जुन्यात राहून पिलर झडू देणं यात मी पहिलं निवडेन. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी हवं. धागाकर्तीच्या सोसायटीत किती वेळा झालं?

धागाकर्ती
एकदाही नाही. विचारल्यावर सेक्रेटरींनी मला जिन्याखाली नेऊन उघड्या पडलेल्या सळ्या दाखवल्या, जणू मीच गंजवल्या.

धागाकर्ती (सोळा दिवसांनी)
अपडेट देते, कारण चार जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

महापालिकेत तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा माणूस जागेवर नव्हता, दुसऱ्यांदा नकाशा जागेवर नव्हता. तिसऱ्यांदा दोन्ही होते. आमच्या मूळ लेआउटमध्ये गल्ली सहा मीटरचीच आहे. रुंदीकरणाची रेषा मंजूर झालीय, ठरावाची प्रत मिळाली, पण आमच्या बाजूने दीड मीटर जातंय. अठ्ठावीस मीटर लांबीची भिंत, म्हणजे बेचाळीस चौरस मीटर जागा, कडुनिंबासकट. तिचा मोबदला एफएसआयच्या रूपात मिळतो असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. विकसकाच्या नकाशात मात्र ती पट्टी आमच्या पार्किंगमध्ये दाखवली होती. तीन गाड्या रस्त्यावर उभ्या करून "फ्लॅटमागे एक" पूर्ण केलं होतं.

रविवारी सभा झाली, यावेळी सभागृहात. तेरा जण आले, म्हणजे कोरम भरला. सेक्रेटरींनी सुरुवातीला आदळआपट केली, पण पार्किंगचा नकाशा पडद्यावर लावल्यावर ज्यांची गाडी रस्त्यावर पडत होती त्यांनीच आवाज चढवला. स्वतःचा सल्लागार नेमायचा आणि आणखी दोन ठिकाणांहून ऑफर मागवायच्या, असं ठरलं. विकसकाच्या माणसाला चहा देऊन सरळ विचारलं: बँक गॅरंटी देणार का, आणि सीसी हातात आल्याशिवाय आम्ही घर सोडणार नाही, चालेल का? त्याने चहा संपवला, "साहेबांना विचारून सांगतो," म्हणाला.

त्याला आज आठ दिवस झाले. @तिसरामजला, तुमचं ऐकून त्याच रस्त्यावर पहिल्या मजल्यावरचं एक घर बघून ठेवलंय, मालकीणबाई ओळखीच्या निघाल्या.

आई रोज संध्याकाळी फोनवर पहिलं हेच विचारते: "आला का गं त्याचा फोन?"