मदत हवी आहे: घरात झळाळणारा साप अंगणात फिका का पडतो?

मंडळी, सापाचं नाव काढलं तरी ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांनी इथूनच मागे फिरावं. प्रश्न फोटोग्राफीचा आहे, पण फोटोत साप आहे आणि तो आमच्या घरात राहतो.

आम्ही ओहायोत, कोलंबसला असतो. चौदा वर्षांच्या लेकीने दोन वर्षं भुणभुण लावून ब्राझिलियन रेनबो बोआ पाळायला लावली. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली बिनविषारी जात, सध्या साडेतीन फूट. (सासूबाईंना फोनवर अजून 'मासे पाळलेत' असंच सांगितलंय.) अंग तांबूस केशरी, पाठीवर काळी कडी. पण खरी गंमत दिव्याखाली. हातात धरून जरा वळवली की खवल्यांवरून निळा, जांभळा, हिरवा तवंग सरकत जातो. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर दिसतो ना, अगदी तसा. लेकीला हाच फोटो काउंटी फेअरच्या (म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या जत्रेच्या) मुलांच्या स्पर्धेत द्यायचाय. अट एकच, फोटो बाहेर, नैसर्गिक उजेडात काढलेला हवा.

तीनदा प्रयत्न झाले.

पहिल्यांदा भर दुपारी. डोळ्यांना तवंग मस्त दिसत होता, फोटोत मात्र पांढरे फटक ठिपके आणि केशरी भागाचा सपाट लाल गोळा. एकही खवला वेगळा कळत नाही. शिवाय ही जात दमट सावलीतली, तिशीच्या वर पारा गेला की तिला सोसत नाही, त्यामुळे दोन मिनिटांत आत नेली.

दुसऱ्यांदा ढगाळ दिवस गाठला, कारण जो तो सांगतो की रंगांसाठी ढगाळ हवा उत्तम. रंग उठावदार यावेत म्हणून पोलरायझर फिल्टरही लावला. केशरी सुरेख आला, तवंग साफ गायब! नुसता बरा दिसणारा केशरी साप. आणि हिरवळीवर ठेवल्यामुळे पोटाच्या पांढऱ्या कडेवर शेवाळ धरल्यासारखी हिरवी झाक.

तिसऱ्यांदा फोटोच नाही. मी लेन्स बदलेपर्यंत बाईसाहेब डेकच्या पायरीखालच्या फटीत. शेपटी दिसत होती, पण ओढायची नाही, मणक्याला इजा होते, हे लेक दर मिनिटाला ओरडून सांगत होती. नवरा टॉर्च घेऊन पाऊण तास पालथा. शेवटी ती आपणहून बाहेर आली.

कॅमेरा कॅनन ८०डी, १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी लेन्स). एफ ८, १/३२०, आयएसओ ४००. चुकतंय कुठे?

रानभुली: पोलरायझर आधी काढा, निम्मा घोटाळा तिथेच आहे. केशरी हा खवल्यातला रंग आहे, तवंग हा रंग नाहीच. खवल्यांचा पृष्ठभाग इतका बारीक घडणीचा असतो की परतणाऱ्या उजेडाचे रंग सुटे होतात. मोरपिसातला निळाही असाच, त्यात निळं रंगद्रव्य नसतं. म्हणजे तुम्हाला हवीये ती चकाकी, आणि फिल्टरचं काम चकाकी मारणं. ढगाळ हवेचंही तेच. अख्खं आभाळ पांढरा दिवा झाला की सगळीकडून सारखाच उजेड परततो आणि रंग धुऊन जातात. तुम्हाला एका बाजूने येणारा, पण नरम उजेड हवाय. जूनमध्ये तुमच्याकडे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, तेव्हा आठनंतर बसा. सूर्य सापाच्या मागे किंचित बाजूला ठेवा आणि साप न हलवता तुम्ही हला. वीतभर सरकलात तरी तवंग येतो-जातो. एक्स्पोजर एक स्टॉपने उतरवा, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड निम्माच घ्या. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि लाल रंग केव्हाच फुटून सपाट झालेला असतो.

टोपलीवाला: पळण्यावर उपाय. जागा ठरवा, साप ठेवा, वर टोपली पालथी घाला आणि पाच मिनिटं गप्प बसा. अंधारात तो वेटोळं घालून शांत होतो. फोकस आधीच लावून ठेवा, दुसऱ्याने टोपली अलगद सरळ वर उचलायची. दहा-पंधरा सेकंद मिळतात. काही महाभाग साप सुस्त व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात, तो प्रकार कृपया नको. सापाचं जेवण झाल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नका. आणि हिरवळ सोडा, ओलसर काळपट साल किंवा लाकूड घ्या. पार्श्वभूमी गडद असली की तवंग उठतो.

खवचट खोत: कात कधी टाकली? डोळे दुधाळ निळे झाले असतील तर महिना काय, मुहूर्त काढून बसलात तरी फोटो येणार नाही. कात टाकल्यावर तीन-चार दिवसांत काढा, तेव्हा नवी कोरी पैठणी असते. जाता जाता: हे वाचून इथे कुणी अंगणातली धामण बरणीत भरू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली भारतातले साप पाळता येत नाहीत.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! खोतसाहेब, बरोबर ओळखलंत, ढगाळ दिवशीच्या फोटोत डोळे खरंच धुरकट आहेत. मंगळवारी कात पडली, शुक्रवारी संध्याकाळी बसलो. फिल्टर काढला, मेपलच्या ओंडक्याचा तुकडा भिजवून घेतला, पोळ्यांची दुरडी पालथी घातली (ती आता पोळ्यांसाठी वापरणार नाही, हे नवऱ्याने लेखी मागितलंय). तरी ऊन जरा टोचत होतं, म्हणून आजोबांचं जुनं धोतर दुहेरी करून दोन खुर्च्यांवर बांधलं. दुरडी उचलली, लेक डावीकडे जराशी सरकली, आणि मानेपासून दुसऱ्या वेटोळ्यापर्यंत निळं-जांभळं लखलखलं. सहा फोटो मिळाले, एकात डोळाही काटेकोर फोकसमध्ये. सातव्याच्या आधी बाई ओंडक्यावरून उतरल्या.

आता शेवटचा प्रश्न. प्रिंट बारा बाय अठराची हवी आहे. ग्लॉसीवर तवंग जिवंत दिसतो, पण मांडवातल्या ट्यूबलाइट त्यात चमकतील. मॅटवर नमुना काढून पाहिला तर जांभळा मेला. मधलं काही कुणी वापरलंय का? बुधवारपर्यंत द्यायची आहे.