दख्खनच्या बेसाल्टला घाटांची नावे कशी मिळाली?

प्रश्न

जुन्या पाठ्यपुस्तकांत दख्खन ट्रॅपचे, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्टच्या थरांच्या चळतीचे, खालचा, मधला आणि वरचा असे तीनच भाग आढळतात. नव्या नकाशांत मात्र बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे दिसतात. गोंडवनाचे (कोळसा असलेल्या जुन्या गाळाच्या खडकांचे) थर लावताना वनस्पतींच्या जीवाश्मांचा मोठा आधार मिळाला. येथे तर डोंगरच्या डोंगर काळ्या बेसाल्टचे आहेत. मग एक थर दुसऱ्यापासून ओळखला कसा, आणि जुनी विभागणी का सोडावी लागली?

प्रतिसाद १

जीवाश्मांचा आधार येथेही घेतला गेला होता. नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळातून गोड्या पाण्यातील शंख व वनस्पतींचे अवशेष गोळा केले. पुढे असा गाळ वरच्या व खालच्या भागांत सापडतो आणि मधल्या भागात जवळपास सापडत नाही, असे धरून विभागणी रूढ झाली. तिचा मोठा दोष असा, की नागपूर, माळवा आणि मुंबई येथील थर सलग माग न काढता एकाच चळतीत रचले गेले. वयाचा वादही त्यातच अडकला. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३०च्या दशकात वनस्पतींच्या जीवाश्मांवरून हे थर क्रेटेशियसनंतरचे, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडानंतरचे ठरवले. आज किरणोत्सारी कालमापनाने बहुतेक उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे अगदी क्रेटेशियस संपण्याच्या सीमेवरचेच ठरतात.

प्रतिसाद २

घाटांची नावे आली ती रसायनशास्त्रामुळे. १९८०च्या दशकात संशोधकांनी घाटरस्त्यांवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत थरागणिक नमुने घेऊन त्यांतील टायटॅनियम व बेरियमचे प्रमाण आणि स्ट्राँशियमची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली. वर येताना ज्या शिलारसात भूकवचाचा अंश मिसळला त्याची खूण त्या खडकात कायम राहते: बुशेमध्ये ती ठळक आहे, आंबेनळीत जवळजवळ नाही, आणि डोळ्यांना मात्र दोन्ही खडक सारखेच काळे दिसतात. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढणारा प्रवासी याच नावांच्या थरांचा क्रम खालून वर ओलांडत जातो, हे मला फार विलक्षण वाटते.

प्रतिसाद ३

केवळ प्रयोगशाळेवर सारे अवलंबून नाही, एवढी भर घालतो. कळसूबाई उपगटातील, म्हणजे या चळतीच्या खालच्या भागातील, काही थरांत फेल्डस्पार या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढुरके स्फटिक काड्या विखुरल्यासारखे पसरलेले असतात. ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात आणि खुणेचा थर म्हणून उपयोगी पडतात. दोन लाव्हाथरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यांवर मात्र एवढा विश्वास ठेवू नये, कारण तसे पट्टे अनेक पातळ्यांवर येतात आणि थोड्या अंतरावर विरूनही जातात.